चौऱ्याऐंशी बटणं

लेकीने बरणी मोबाइलसमोर उलटी धरली. पडदाभर काचेचा तळ, आणि तळातून तिचा एक डोळा.

"संपली," ती म्हणाली. "आता ये."

आईने हेडफोन कानात नीट बसवला. शनिवारची दुपार होती. विभागाच्या संगणक कक्षात चौदा संगणक आणि ती एकटी. समोर तिचा प्रकल्प उघडा होता: शेअरच्या भावांवरून जोखीम मोजायची आणि सोमवारी सरांना दाखवायची.

"सगळी कशी संपतील गं? एखादं पलंगाखाली गेलं असेल, बघ."

"नाही गेलं. रोज दात घासून एकच काढलं. आत्याला विचार."

आत्या मागे शिवणयंत्रावर बसली होती. बटणं तिच्याच दुकानातली. दुसऱ्या सत्राला निघताना आईने स्वतः मोजून बरणीत घातली होती आणि सांगितलं होतं, रोज सकाळी एक काढायचं. बरणी रिकामी झाली की आई दारात.

"सकाळपासून बूट घालून बसलीय," आत्या तोंडातली टाचणी काढून म्हणाली. "जेवलीसुद्धा बूट घालूनच. म्हटलं, अगं दार वाजलं की घाल. ऐकेल तर शपथ!"

आईला तारखा पाठ होत्या. परीक्षा संपून घरी पोचायला अजून अडतीस दिवस. मग बरणी आज कशी संपली? तिने बरणी भरतानाची फाइल शोधून उघडली. निघायची तारीख, परतायची तारीख आणि खाली आकडा: चौऱ्याऐंशी.

आकड्यात चूक नव्हती. तिच्या अभ्यासात वर्ष तीनशे पासष्ट दिवसांचं नसतंच. बाजार उघडा असतो तेवढेच दिवस धरायचे, दोनशे बावन्न. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या गाळायच्या. पहिल्या सत्राच्या सुरुवातीला तिला याचं हसू आलं होतं. मग हातालाच सवय लागली. निघायच्या गडबडीत त्याच सवयीच्या हाताने तिने बरणी भरली होती.

"वहिनी, थोडी वाटतात असं मी तेव्हाच म्हणणार होते," आत्या म्हणाली. "पण गणितात एम.एस्सी. करणाऱ्या बाईला मी शिवणकामवाली काय सांगणार? मी शर्टाला एक बटण कमी लावलं तर गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेतं."

आई हसली. रिकाम्या खोलीत ते हसू फार मोठ्याने ऐकू आलं, म्हणून तिने ते आवरलं.

"टिल्लू, माझं चुकलं गं. मी शनिवार-रविवार मोजलेच नाहीत."

"का?"

"आमच्या अभ्यासात ते धरत नाहीत. त्या दिवशी बाजार बंद असतो ना. काहीच होत नाही."

लेकीने बरणी सरळ केली. झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"पण मी होते," ती म्हणाली. "शनिवारी पण होते. रविवारी पण."

शिवणयंत्र थांबलं. आईने पडद्याच्या कडेला बोट टेकवलं, जिथे लेकीची बट दिसत होती.

"किती घालू परत?" आत्याने हळूच विचारलं. "या वेळी नीट सांग हं."

"अडतीस."

"सगळे दिवस धरून?"

"सगळे धरून."

डब्यातून बटणं काढल्याचा आवाज आला. लेक त्या बाजूला वळलीच नाही. खाली वाकली आणि दिसेनाशी झाली. चर्रकन बुटाचा पट्टा उघडला. एक. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

"तिला झोपवते जरा," आत्या म्हणाली आणि फोन बंद झाला.

आईने हेडफोन काढून गुंडाळला. पडद्यावर प्रकल्पाचा आलेख तसाच होता, तीन महिन्यांची चढउतार करत गेलेली निळी रेघ. तिने तो मोठा केला. आणखी मोठा केला. शुक्रवारचा ठिपका थेट सोमवारच्या ठिपक्याला जोडलेला होता. पुढच्या शुक्रवारचाही तसाच. त्याच्या पुढचाही.

मध्ये एक बटण ठेवावं एवढीही जागा कुठे नव्हती.