चौथा तारा

हेलिओदोरोने गोळ्यांची डबी तांदळात खोल दाबली, वरून हात फिरवून तांदूळ सारखे केले आणि मगच दार उघडलं.

दारात यारेलिस धापा टाकत उभी होती. ती विमा योजनेची नर्स. यौको गावातला तो उभा चढ ती दर महिन्याला त्याच्यासाठी चढून यायची.

“कोलेस्टेरॉलच्या गोळ्या आणल्यात का, आजोबा?”

“नाही बुवा. राहिलंच.”

“याही महिन्यात?”

“वय झालं पोरी, आठवत नाही. तू बस आधी. कॉफी टाकलीये.”

खरं तर म्हातारा रोज रात्री न चुकता गोळी घ्यायचा. फक्त ती योजनेच्या कार्डावर न घेता ओब्दुलिओच्या औषधाच्या दुकानातून रोखीनं आणायचा. ओब्दुलिओ त्याचा डॉमिनोतला जोडीदार. त्याला हे कोडं काही सुटत नसे.

“कार्डावर फुकट मिळतंय ते विकत घेतोस? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?”

“कार्डावर घेतली की नोंद होते. नोंद झाली की ती पोरगी यायची बंद. माझ्या मेहुण्याकडे बघ. वेळच्या वेळी गोळ्या उचलतो, तर कुत्रंसुद्धा विचारत नाही त्याला.”

बायको गेल्यापासून हेलिओदोरोला घर खायला उठायचं. मुलं समुद्रापलीकडे ऑर्लँडोला. त्यांचा रविवारी फोन यायचा, तोही घाईतला. कुणीतरी समोर बसून कॉफी पितंय, रागावतंय, अशी महिन्यातली ही एक सकाळ त्याला हवी होती. त्यासाठी बेशिस्त म्हणवून घ्यायला त्याची ना नव्हती. लबाडी खरी, पण कुणाचं काय बिघडतंय?

आज मात्र यारेलिसने कॉफीला हात लावला नाही.

“तुमच्यापायी आमचा तारा जातोय, आजोबा.”

“कसला तारा?”

“सरकार म्हाताऱ्यांच्या योजनांना दरवर्षी तारे देतं. एक ते पाच. फोन पटकन उचलतात का, तपासण्या होतात का, लोक तक्रारी करतात का, सगळं बघतात. आणि लोक गोळ्या घेतात का, तेही. आमचे साडेतीन आहेत. चार झाले की वरून जादा पैसा येतो. तुमचे दात, चष्मे, माझा पगार, सगळं त्यातूनच. नाही झाले, तर घरोघर फिरणाऱ्या नर्सांवर पहिली कुऱ्हाड.”

“मी गोळी गिळली की नाही, ते सरकारला काय दिसतंय?”

“पोटात काय गेलं ते कोण बघतो? दुकानातून कार्डावर उचलली, म्हणजे घेतली. झालं.”

हेलिओदोरो चपापला. पोरीची नोकरी जाईल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

“कुणाला सूट नाही का यातून?”

“आहे ना. किडनीच्या मशीनवर असलेल्यांना. आणि डॉक्टरांनी ‘दिवस भरले’ म्हणून लिहून दिलेल्यांना. त्यांना हिशेबातच धरत नाहीत.”

“मग माझं अवघड आहे,” तो हसला. “मी खेचरासारखा धडधाकट.”

“तेच तर,” यारेलिस म्हणाली आणि गार झालेली कॉफी एका दमात प्याली.

ती गेल्यावर म्हाताऱ्याला स्वतःचीच लाज वाटली. तो तडक ओब्दुलिओकडे गेला आणि सगळ्या जुन्या गोळ्या कार्डावर चढव म्हणाला.

“मागचं कसं चढवू? आजच्या चढवतो. मेहुण्यासारखा एकटा बसलास तर मला सांगायला येऊ नकोस.”

“बसेन एकटा. पोरीच्या पोटावर पाय नको.”

ठरल्या दिवशी त्याने नव्या गोळ्या टेबलावर मधोमध ठेवल्या. तांदळातली डबीही शेजारी ठेवली. सगळं खरं सांगून टाकायचं, मग ती चिडो नाहीतर यायची थांबो.

“पोरी, मला तुला एक सांगायचंय.”

“आधी माझं ऐका,” यारेलिस आत येता येताच म्हणाली. “राहू द्या त्या गोळ्या. साहेबांनी तोड काढलीये. तुम्हाला एक नवी सेवा मिळतेय. आठवड्यातून दोनदा नर्स, शिवाय गप्पा मारायला वेगळं माणूस. सगळं घरी, सगळं फुकट. आमच्या डॉक्टरांची सही झालीये, तुमची तेवढी राहिलीये.”

“आठवड्यातून दोनदा?”

“लागलं तर रोज.”

“आणि तू?”

“मी नाही यायची आता. पण माझी नोकरी राहिली, आजोबा.”

त्याला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. लबाडी उघडी न पडता सगळ्यांचंच भलं होत होतं, मग कबुलीजबाब हवा कशाला? तिने पुढे केलेल्या टॅबच्या पडद्यावर त्याने बोटानं सही केली. यारेलिसने त्याला घट्ट मिठी मारली आणि कॉफी न घेताच ती निघाली.

मंगळवारी नव्या सेवेची नर्स निल्सा आली. थोराड, पांढऱ्या केसांची, हसऱ्या चेहऱ्याची. तिने त्याच्या बायकोचे फोटो मागून घेऊन पाहिले, ती कशी होती ते विचारलं आणि मध्ये एकदाही न बोलता ऐकलं. मग डॉमिनोचे दोन डाव हरली. पेरूची वडी मागून घेऊन खाल्ली. इतकं मन लावून त्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

ती निघाली तेव्हा हेलिओदोरोने गोळ्यांची डबी तिला अभिमानानं दाखवली. “रोज घेतो हं मी. एक दिवस चुकवत नाही.”

“कोलेस्टेरॉलची?” निल्साने डबी हळूच बाजूला सारली. “आता कशाला उगाच घशाला त्रास?”

अशी समजूतदार नर्स त्याला आजवर भेटली नव्हती. तो तिला पोचवायला दारापर्यंत गेला.

“खरं सांगा, किती दिवस येणार तुम्ही? चार दिवस येऊन बंद तर नाही ना पडणार?”

निल्साने त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

“शेवटपर्यंत येणार, आजोबा. डॉक्टरांनी लिहिलंय की येत्या जानेवारीतला तीन राजांचा सण काही तुम्हाला दिसायचा नाही, पण मी म्हणते, निदान नाताळ तरी आपण सोबत करू.”