गळ्यातला राजा

सुब्बारायडूंनी आधी रबरी हातमोजा चढवला आणि मगच नंदाबाईच्या गळ्यातलं नाणं दोन बोटांत धरलं. बाजारात शेळीचा जबडा उघडून दात बघतात, तसं. नाण्याबरोबर तिची मानही वर ओढली जातेय, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. पियुषच्या आलं.

आर्णीजवळच्या या बंजारा तांड्यावर तोच त्यांना घेऊन आला होता. पियुष रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेला, जुन्या नाण्यांचा जाणकार. सुब्बारायडू हैदराबादचे मोठे संग्राहक. दोन हजार वर्षांपूर्वीची रोमन चांदीची नाणी हा त्यांचा प्रांत. त्यांनी एखादं नाणं खरं म्हटलं की तिकडची बाकीची मंडळी पुन्हा भिंग काढत नसत. आज त्यांनी हे नाणं नेलं, तर पियुषचा शब्द तिकडे चालू लागणार होता. आणि नेलं, तर नंदाबाईच्या गळ्यात नुसते काचेचे मणी उरणार होते. तिच्या अंगावर चांदी अशी एवढीच.

नाण्यातले दोष पियुषनं आपणहून सांगितले. सम्राटाच्या डोक्यावर पाडलेलं भोक. ठसा एका बाजूला सरकलेला, त्यामुळे काठावरची काही अक्षरं नाण्यात आलेलीच नव्हती. हनुवटीखाली एक टोचा, चांदी खरी का ते बघायला कुणीतरी मारलेला. माझं ऐकाल तर घेऊ नका, असंही तो म्हणाला.

सुब्बारायडू हसले. त्यांच्या संग्रहात एकही धड नाणं नव्हतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. निर्दोष नाणं समोर आलं की आपला विश्वासच उडतो, असं ते म्हणाले.

मग त्यांनी खिशातून दातकोरणी काढली आणि सम्राटाच्या कानातला मळ उकरला. घाम, खोबरेल, चुलीचा धूर, गळ्यावरची मेलेली कातडी. सगळं मिळून काळ्या लोण्यासारखं काडीच्या टोकाला आलं. ते त्यांनी नाकापाशी नेलं. चेहरा आंबट झाला, आणि लगेच उजळला.

“हे कुठल्याही प्रयोगशाळेत बनत नाही,” ते इंग्रजीत म्हणाले. “याला माणसाचा गळाच लागतो.”

पियुषला ते पटलं.

“आंघोळ करत नाहीत का हे लोक?” त्यांनी त्याच सुरात विचारलं. काडी त्यांनी तिथेच अंगणात टाकली, नंदाबाईच्या पायांशी.

पियुषला त्यांच्या हातमोज्याची, त्यांच्या अत्तराची, त्या मऊ इंग्रजीची शिसारी आली. थोडी स्वतःचीही आली. मघाशी तिनं पदरानं पुसून दिलेला पाण्याचा पेला त्यांनी बाजेखाली सरकवून ठेवला होता. त्यात एक माशी तरंगत होती.

नाणं कुठून आलं, हे बाईच्या तोंडून ऐकायचंय, असं त्यांनी सांगितलं. त्यांना मराठी येत नव्हतं. पियुष उकिडवा बसला आणि हळू आवाजात तिच्याशी बोलला. तांड्यातली पोरं म्हणत तसं तोही तिला याडी म्हणायचा, म्हणजे आई. नंदाबाई बराच वेळ बोलत राहिली. मधेच नाणं मुठीत घट्ट धरलं. मग डोळ्यांतून पाणी आलं, नाकातूनही आलं. ते तिनं त्याच मुठीच्या पाठीनं पुसलं.

पियुषनं त्याचं थोडक्यात इंग्रजी केलं. लग्नात सासूनं घातलं होतं, सासूला तिच्या सासूनं. आजेसासऱ्यांच्या आधीचे लोक बैलांवर मीठ लादून पार आंध्रापर्यंत जायचे, तिकडूनच कुणीतरी आणलं असावं. द्यायचं तिच्या जिवावर आलंय.

सुब्बारायडू तिच्या डोळ्यांतल्या पाण्याकडे बघत होते, मघाशी मळाकडे बघितलं तसेच, बारकाईनं.

“रडणं खरं आहे,” ते म्हणाले. “मी घेतो.”

काळा गोफ तेलानं इतका चिवट झाला होता की गाठ सुटेना. कापा, असं म्हणून त्यांनी पेटीतली छोटी कात्री पुढे केली. पियुषनं कापला. नाणं जिथे टेकलेलं असायचं तिथे तिच्या गळ्यावर एक फिकट, ओलसर गोल उरला होता. नंदाबाईनं तो तळव्यानं झाकला. सुब्बारायडूंनी नाणं न पुसता प्लॅस्टिकच्या डबीत ठेवलं. पुसू नका, हे सांगायची पियुषला गरज पडली नाही. तिच्या हाताला हात लागू नये म्हणून नोटांचं पाकीट त्यांनी पियुषकडेच दिलं. मग हातमोजा उलटा करून काढला, कुंपणापलीकडे भिरकावला आणि गाडीत बसून काच वर घेतली. माझं इथलं थोडं काम आहे, मी मोटारसायकलनं येईन, असं पियुषनं त्यांना खिडकीतून सांगितलं.

गाडीचा धुरळा खाली बसेपर्यंत तो उभाच होता. मग त्यानं पेल्यातलं पाणी ओतून टाकलं, पेला विसळला, रांजणातलं पाणी घेऊन नंदाबाईला दिलं. ती प्यायली. हात अजून गळ्यावरच होता.

तो तिच्या मागे बसला. वरच्या खिशातून त्यानं एक कोरा काळा गोफ काढला. त्यात चांदीचं नवंकोरं नाणं ओवलेलं होतं. ते त्यानं तिच्या गळ्यात बांधलं, गाठ दोनदा ओढून बघितली. न्हातानाही काढायचं नाही, एवढंच म्हणाला.

नंदाबाईनं नाणं उचलून उन्हात धरलं. त्याची तिरीप तिच्या डोळ्यांवर आली.

“मांगचाबी राजा तूच बांधलता, असाच चकचकीत,” ती म्हणाली. “तीन सालात काळा पडला, मले आवडाले लागला, अन् नेलास. हा कधी नेशीन?”