मालकाचा आवाज

“कोण हाय रे तिकडं?” स्पीकरच्या बॉक्समधून पुरुषी आवाज गरजला. मग खोकला. मग “थांब, आलो,” आणि खाटेची करकर. दुकानाच्या पायरीखाली उभ्या असलेल्या बाईने ब्लूटूथने जोडलेल्या आपल्या फोनवर बोट ठेवून आवाज बंद केला. हे नको, दुसरी जोडी लावा, म्हणाली.

शहादेवने दुसरी जोडी काढली. वायरी खोचताना तो तिला चोरून न्याहाळत होता. चौसाळ्यात हमरस्त्याला लागून त्याचं साउंडचं दुकान. बाई आली तेव्हा म्हणाली होती, घरात गाणी ऐकायला पहिलाच सेट घ्यायचाय, स्वस्तातला दाखवा. पण एवढ्या वेळात तिने एकही गाणं लावलं नव्हतं. प्रत्येक जोडीवर तोच पुरुष, तोच खोकला. आणि ऐकायला ती आत थांबत नव्हती, खाली रस्त्यावर जाऊन उभी राहत होती. घरातली गाणी घराबाहेर उभं राहून कोण ऐकतं?

इथे कुठेतरी पाणी मुरत होतं. शहादेव तसा जन्माचा संशयी नव्हता, पण दुधाने तोंड पोळलेला होता. गेल्या वर्षी एका भामट्याने त्याच्याकडून कर्णा नेला आणि त्यावर पुकारत गावोगाव खोटी भिशी गोळा केली. भामटा पळाला, ठाण्यात खेटे शहादेवने घातले. दुकानाची अब्रू जेमतेम वाचली होती. तेव्हा बायकोने सांगून ठेवलं होतं, पुन्हा असलं काही झालं तर शटर कायमचं ओढायचं. त्यात हल्ली मोबाइलवर फिरत होतं, चोर आवाज भरून आणतात, दाराबाहेर वाजवतात, घरचं माणूस समजून बाया कडी काढतात. खरंखोटं देव जाणे. पण आवाज भरून आणणारी बाई तर समोरच उभी होती.

“कुणाचा आवाज हाय हा?” त्याने विचारलं.

“मालकाचा.”

“आन मालक कुठंयत?”

“घरी.”

नवरा घरी आहे आणि त्याचा आवाज डब्यातून ऐकायचा आहे! शहादेवची खात्रीच पटली. मोठे बॉक्स तिने नाकारले, आवाज रांजणातून आल्यासारखा घुमतो म्हणून. लहान नाकारले, फोनमधला आहे हे कळतं म्हणून. म्हणजे कळू द्यायचं नव्हतं. त्याने ठरवलं, ही जोडी शेवटची. मग माल संपलाय म्हणून वाटेला लावायचं. वरच्या फळीवर लाकडी बॉक्सची एक साधी जोडी होती, माणसाचा आवाज त्यात सगळ्यांत खरा यायचा. तिच्याकडे त्याने बोटही दाखवलं नाही.

या वेळी बाईने फोन काउंटरवर ठेवला. तुमीच लावा, मी पलीकडून ऐकते, म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली. शहादेवने बटण दाबलं. हाक झाली, खोकला झाला, खाट करकरली. उसाच्या टोळीचा एक ट्रक भांडीकुंडी, बायापोरं घेऊन धडधडत मधून गेला. पलीकडच्या बाईला आता काही ऐकू येणं शक्य नव्हतं. आणि ती नेहमी जिथे थांबवायची, त्याच्या पुढे आवाज वाजत राहिला.

“बास का एवढं? का अजून खोकू?” तोच पुरुष हळू आवाजात हसला. मग हसू थांबलं. “गाडी आली बघ मुकादमाची. पोरीची शाळा बुडवायची न्हाई म्हनून तुला ठिवून चाललोय मोहिने, न्हाईतर वस्तीवर एकटीला टाकून गेलो असतो का मी? कडी लावत जा. दार वाजलं की हे लाव.”

शहादेवने घाईने आवाज थांबवला. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरतात. हिचा माणूस एकटाच, अर्धा कोयता म्हणून गेला होता, थेट कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपेपर्यंत. शहादेवला स्वतःची लाज वाटली. तो स्टुलावर चढला आणि वरच्या फळीवरची जोडी खाली काढली.

बाई परत आली. एक अजून बघा, एवढंच तो म्हणाला आणि बटण दाबलं. “कोण हाय रे तिकडं?” बाईचा हात आपसूक डोक्याकडे गेला. मालक समोर आल्यासारखा तिने पदर सारखा केला, मग ओशाळून खाली पाहिलं. शहादेवने खाटेच्या करकरीपाशी आवाज बंद केला. हीच द्या, ती म्हणाली.

त्याने परवडेल असा भाव लावला, डबे बांधले. एक दाराकडच्या खोलीत ठेवा, एक मागच्या अंगाला, म्हणजे आवाज घरभर फिरेल, असं समजावलं. तरी त्याचं मन भरेना. वायरी चुकीच्या लागल्या आणि ऐन वेळी डबा मुकाच राहिला तर?

“ताई, मीच येऊन बसवून देतो,” तो म्हणाला. “वस्ती कोणती तुमची?”

बाई एकदम सावध झाली. तिने डबे छातीशी ओढले, एक पाऊल मागे सरली आणि शहादेवकडे पाहिलं. मघापासून तो तिच्याकडे पाहत होता, अगदी तसं. ती नजर त्याला झोंबली. आणि तितकंच बरंही वाटलं.

“कशाला?” ती म्हणाली. “मालक हायेत की घरी. ते बसवतील.”

“हां,” शहादेव म्हणाला, “मालक घरी असल्यावर माझं काय काम.”