कुंपणापलीकडच्या तिघी

“चित्रफितीत चेहरा एकच असावा, दुसरा दिसला की दया विभागते.” शेतकरी विधवांसाठी देणग्या गोळा करणाऱ्या संस्थेच्या प्रशिक्षण-पुस्तिकेतले हे विधान. त्याला पुरावा जोडलेला नव्हता. दया कोणाची, आणि ती न विभागता नेमकी कुठे पोचते, याचाही उल्लेख नव्हता. बीटीच्या कपाशीला अळी लागत नाही, हेही एकेकाळी इतक्याच निःशंकपणे छापून आले होते. अळी लागली. आणि विभागले गेले ते काय, हे उंद्रीच्या शिवारात जयमालाच्या बांधावर दिवसाउजेडी दिसत होते.

बोंडे फुटून कापूस लोंबत होता. पश्चिमेकडे आभाळ भरलेले. भिजला तर पिवळा पडणार. नवरा गेल्यापासून जयमालाची वेचणी सावडीवर चाले: आज चौघींनी हिच्या शेतात, उद्या चौघींनी तिच्या. पहिल्या वेच्याच्या पूजेचा दहीभात घेऊन ती सकाळपासून उभी होती. सावडीतल्या तिघी, पुष्पाबाई, रुख्मिणी आणि अमीना, आल्या, आणि बांधावरून तशाच पुढे, पुष्पाबाईच्या शेताकडे निघाल्या.

“पुष्पाबाई, आज माह्या वावराची पाळी हाये.”

“काऊन वं, तुले तं कोनीच नाही ना?” पुष्पाबाई थांबली नाही. “मोबाइलातल्या त्या व्हिडिओत सांगून राह्यली होती. रडतानी लय गोरी दिसतेस!”

रुख्मिणी हसली. अमीना मात्र थांबली. चित्रीकरणाच्या दिवशी जयमालाची वेणी घालून दिली होती ती तिनेच. संस्थेच्या माणसाने ती सोडवून केस विस्कटले, आणि तिघींना ‘जरा’ काट्यांच्या कुंपणापलीकडे उभे केले. मागचा हंगाम अळीने खाल्ल्यावर बियाणे त्याच संस्थेने दिलेले. जयमालाला नाही म्हणता आले नव्हते.

“त्यायनं म्हनवून घेतलं असंन,” अमीना हलक्या आवाजात म्हणाली. “एवढं कबूल कर, जयमाला. त्या दोघींले मी वापस आनतो.”

सुटकेचे वाक्य आयते तयार होते. त्याखाली फक्त ‘हो’ हवे होते. जयमालाने दहीभाताचा डबा बांधावर ठेवला. पुढे गेलेल्या दोघीही आता वळून पाहत होत्या. तिचा जबाब शब्दशः असा:

“दोन खेपा तुमचीच नावं घेतली. त्या संस्थेवाल्यानं पुसून टाकली. तिसऱ्या खेपेले म्हनलं, मले कोनी नाही. तुमी कुंपनाच्या तिकडं हासत होत्या, अन् मले ते खरंच वाटलं, अमीना.”