जिभेची नस

"साहेब, साक्षीदार हसतेय. नोंद व्हावी," आरोपीचे वकील दिनकरराव म्हणाले आणि खाली बसले.

परभणीच्या कोर्टात मागच्या बाकांवर खसखस पिकली. सरजाबाईला सरकारी वकिलांनी एवढंच विचारलं होतं, की त्या रात्री मारला गेला त्याचं नाव काय. ती म्हणाली, "सिताराम." नवऱ्याचं नाव घेताना बाई लाजली, असंच सगळ्यांना वाटलं. आरोपीच्या पिंजऱ्यातला व्यंकटरावही मिशीत हसला. सरजाबाईच्या तोंडाचा उजवा कोपरा वर ओढला गेला होता. तिने जीभ आवरली, तेव्हा कुठे तो खाली आला.

विद्यापीठाच्या नावावरून गावं पेटली, त्या पावसाळ्यात तिचं घरही पेटलं. कुऱ्हाडीचा पहिला घाव सितारामवर पडला, तो जागीच गेला. दुसरा, मधे पडलेल्या सरजाबाईच्या कानाखाली बसला. जीव वाचला, पण अर्धा चेहरा मेला. उजवा डोळा झोपेतही उघडा. प्यालेलं पाणी ओठाच्या कोपऱ्यातून लुगड्यावर.

वस्तीतल्या लोकांनी तिला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. चेहऱ्याच्या तुटलेल्या नसेचं वरचं टोक काही सापडेना. मग तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जिभेची नस वळवून चेहऱ्याला जोडली. कितीतरी महिने चेहरा ढिम्म. जीभ मात्र एका अंगाने जड झाली, भाकरीचा घास गालात अडकू लागला. आणि एके दिवशी ओठाचा कोपरा हलला. डॉक्टरीणबाईंना कोण आनंद! त्यांनी हौसेने शिकवलं, "हसावंसं वाटलं, की जीभ दातांवर दाबायची."

हसावंसं सरजाबाईला कधी वाटलं नाही. पण बोलायचं तर जीभ दातांना लागतेच. मयतीला गेली आणि दोन शब्द बोलली, तरी तोंड हसायचं. सितारामचं नाव काढलं, की जास्तच. म्हणून तिने बोलणंच सोडलं. गाव म्हणे, बाई दुःखाने मुकी झाली. म्हणेना का.

जेवणाची सुट्टी झाली. धाकटा दीर दत्तराव इतक्या वर्षांच्या तारखांनी पार पिचून गेला होता. त्याने सरकारी वकिलांना ऑपरेशनचं सगळं सांगितलं आणि बाहेर लिंबाखाली सरजाबाईजवळ येऊन बसला.

"वैनी, नुसती मान हलवा अन् मोकळ्या व्हा. वकील सायबानं जजसायबाला सांगितलंय. लय झालं आता. पाचची यष्टी गाठू."

सरजाबाईलाही तेच हवं होतं. एकदाचं संपू दे.

सुट्टीनंतर न्यायाधीश समजुतीने म्हणाले, "बाई, तुमचा त्रास कळला. मान हलवून उत्तर दिलंत तरी चालेल." सरकारी वकिलांनी चार-दोन प्रश्नांत आपलं काम आटोपलं. मग दिनकरराव उठले.

"त्या रात्री गावात वीज नव्हती. बरोबर?"

तिने मान हलवली.

"आभाळ भरलेलं होतं. चांदणं नव्हतं. बरोबर?"

पुन्हा मान हलली.

"म्हणजे मिट्ट काळोख होता. बरोबर?"

काळोख होताच. पण घर पेटल्यावर अंगणात दिवसासारखा उजेड पडला होता, तो मानेने कसा सांगायचा? सरजाबाईने दत्तरावकडे पाहिलं. तो हाताने खुणावत होता, हलवा मान. व्यंकटराव सैलावून उभा होता.

तिने कठडा धरला.

"मान न्हाई हलवायची आता, साहेब. अंधार घर पेटायच्या आधी व्हता. पेटल्यावर लख उजेड पडला. त्या उजेडात मी ह्यो व्यंकटराव बगितला. पैला घाव ह्यानंच घातला."

तोंड हसतच होतं. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. सरकारी वकिलांनी तिला हातानेच थांबायची खूण केली. न्यायाधीश पुढे वाकले. "बाई, तुम्हाला त्रास होत असेल तर..."

"गप बसले की माजं तोंड सरळ ऱ्हातंय, साहेब. म्हून इतकी वर्सं गपच बसले. आता हसतंय तर हसू द्या त्याला." तिने मागच्या बाकांवरून सावकाश नजर फिरवली. "माज्या मालकाचं नाव सिताराम."