केकवरचं शून्य

केकवर मोठं शून्य काढलं होतं, चॉकलेटचं, जरासं वाकडं. गोरानने सुरी बरोब्बर त्याच्या मधून घातली आणि पहिला तुकडा कोरलीपुढे धरला.

"घे बाई. सात वर्षं झिजलीस, आता चर."

सगळे हसले. कोरलीही हसली. तिने आणखी एक तुकडा बशीत काढला आणि त्यावर वाटी पालथी घातली. तो फर्गससाठी. तिचा नवरा फर्गस या वेळी पलीकडच्या इमारतीत भट्टीपाशी होता आणि साडेदहाला तो भट्टीचं झाकण उघडणार होता. घड्याळात दहा वीस झाले होते. खिडकीबाहेर, निलगिरीच्या झाडांच्या रांगेमागे, दोन दिवस कुठेतरी वणवा धुमसत होता. चहालासुद्धा धुराचा वास येत होता.

शून्य म्हणजे गळती शून्य. अणुभट्टीच्या कचऱ्यात टेक्निशियम नावाचा एक धातू असतो. तो लाखो वर्षं किरणं सोडत राहतो आणि पाणी दिसलं की त्याच्यासोबत निघून जातो. त्याला पायरोक्लोर नावाच्या दगडासारख्या सिरॅमिकमध्ये कायमचं कोंडायचं, हे कोरलीचं काम. असला धातू पहिल्याच दिवशी कोणी हातात घेत नाही. त्याच्याऐवजी त्याचा निरुपद्रवी भाऊबंद, रेनियम, घ्यायचा. लँथनम आणि झिर्कोनियमच्या भुकटीत तो चिमूटभर घालून खलायचा, दाबून वडी पाडायची, भट्टीत भाजायची. मग ती वडी महिनाभर गरम पाण्यात ठेवायची आणि पाण्यात काय उतरतं ते बघायचं. कोरलीच्या वडीतून काहीच उतरलं नाही. एकदा नव्हे, अकरा वेळा.

त्या शून्याच्या जोरावर तिने एका कागदावर सही केली होती. खऱ्या धातूच्या वडीसाठी सीलबंद पेटी नको, साधी भट्टी आणि वरचा, हवा ओढून घेणारा पंखा पुरे. सुरक्षा समितीने मान डोलावली. पहिली खरी वडी काल भट्टीत गेली होती.

"आता तेवढी त्या लँथनमची दारू सोडव रे," कोरली गोरानला म्हणाली. केक खाऊन तिला चेष्टेची लहर आली होती. "दर वेळी वडी भाजून आली की हलकी भरते."

ही चेष्टा पलीकडच्या भट्टीखोलीतली. लँथनमची भुकटी हवेतलं पाणी पिते आणि भट्टीत ते पाणी उडून जातं, हे या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे वडी हलकी भरली की फर्गस वहीत आकडा टाकायचा आणि ओरडायचा, "लँथनम पुन्हा पिऊन आलंय!" गोरान इकडच्या इमारतीत भुकट्या तोलून द्यायचा. त्याच्या कानावर हे कधी गेलंच नव्हतं.

तो हसला नाही.

"कोण प्यायलंय? माझ्या लँथनमला नावं ठेवू नकोस हं. मी ते रोज सकाळी हजार अंशांवर भाजतो, बंद बरणीत निववतो आणि मगच तोलतो. बितोला शहरात माझ्या पहिल्या साहेबाने कान पिळून शिकवलंय ते. पाण्याचा थेंब सापडला तर मिशी उतरवीन."

"रोज भाजतोस?"

"अगं, रोज म्हणजे रोज. तू कधी विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. कोरलीने चमचा खाली ठेवला. पाणी नव्हतंच, तर मग वडीतून उडून जात होतं ते काय? त्या भुकटीत उडून जाण्याजोगी दुसरी एकच गोष्ट होती, रेनियम.

तिला झाकण आठवलं. दर वेळी झाकणाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळी पुटं चढलेली असायची. फर्गस शिव्या देत ओलं फडकं फिरवायचा आणि ती लगेच विरघळून जायची. सगळे त्यांना धूळ म्हणायचे. वड्या एक्स-रेखाली तपासल्या होत्या, रचना पायरोक्लोरचीच निघाली होती. रेनियम इतकं थोडं, की ते त्यात दिसतच नसे. वडीतून काही गळलं नाही, कारण गळायला आत काही उरलंच नव्हतं. आणि आजच्या वडीत रेनियम नव्हतं, टेक्निशियम होतं.

सात वर्षं गेली, हे आधी तिच्या मनात आलं. फर्गस नंतर आठवला. याची लाज तिला जन्मभर पुरणार होती. ती उठली तेव्हा खुर्ची मागे पडली.

"काय झालं गं?" गोरानने विचारलं. ती भिंतीवरच्या फोनपाशी पोचली होती. दहा वाजून सव्वीस मिनिटं. अजून वेळ होता. घंटा वाजत राहिली, वाजत राहिली, आणि मग फर्गसने फोन उचलला.

"फर्गस, झाकण उघडू नकोस! ऐकतोयस ना? हात लावू नकोस!"

"अगं, उघडलंसुद्धा. भट्टी लवकर निवली आज." त्याचा आवाज खुशीत होता. "तुझ्या केकची घाई होती मला. झाकणही पुसून टाकलं, नेहमीसारखं. वडी एकदम झकास आहे, कोरली. फक्त जरा हलकी भरतेय. लँथनम पुन्हा पिऊन आलंय!"