गवतातली पहार

सासऱ्यांचं गवत कापायचं मशीन गवतात पडलेल्या पहारीवर आपटलं, आणि तेव्हापासून दोरी ओढून ओढून खांदे निखळायची वेळ आली तरी सुरू होईना. "तुम्हाला जमेल ना, की मेकॅनिकला बोलावू?" असं म्हणत सासरे शेजारीच खुर्ची टाकून बसले. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. आज नाक कापलं गेलं, तर जन्मभर टोमणे ऐकावे लागतील, हे जावई ओळखून होता.

इंजिनाच्या चाकाखालची नखाएवढी खिटी तुटली होती. त्याने दुकानातून नवी आणली, वाकलेलं पातं बदललं.

"जावईबापू, राहू द्या ते. आत या, चहा निवतोय," सासूबाईंनी पुन्हा पुन्हा हाक मारली.

"हे सुरू झाल्याशिवाय चहा नाही!" तो घाम पुसत म्हणाला.

शेवटी एकदाचं मशीन धडधडलं. सासऱ्यांनी त्याची पाठ थोपटली, "शाब्बास!" म्हणून बाह्या सरसावल्या आणि मशीन ढकलत भर उन्हात चढाच्या बाजूला निघालेसुद्धा.

चहा घेऊन आलेल्या सासूबाईंनी कपबशी तशीच रिकाम्या खुर्चीवर ठेवली. "हृदय निम्मंच चालतंय यांचं. डॉक्टरांनी जिना चढायलाही बंदी केलीय. पण लेकी-जावयाला सांगायचं नाही, अशी शपथ घातलीय मला."

त्यांची नजर चढावरून हटत नव्हती. "ती पहार मीच ठेवली होती हो गवतात."